आखातातली नोकरी आणि घरचे कर्ज

आपल्या गावातून कोणी ना कोणी दुबईला, मस्कतला किंवा कतारला गेलेला असेल. रत्नागिरी-रायगडच्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. कोणी गवंडी, कोणी वेल्डर, कोणी साफसफाईवाला. दहावीच्या आतच शाळा सुटलेला हा मुलगा परक्या मुलखात रुळतो कसा, ते आज पाहू.

प्रथम डोळ्यांपुढे येते ते ऊन. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणून संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला मनाई आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. नवा माणूस कोसळतो तो बहुधा याच दिवसांत. एकदा ते निभावले की पुढे जमते.

भाषेचेही तसेच. कामगारांच्या छावणीत नेपाळी, पाकिस्तानी, बांगलादेशी सारे मोडक्या हिंदीत बोलतात. 'यल्ला' म्हणजे चला, 'खलास' म्हणजे संपले, 'मुदीर' म्हणजे साहेब. महिनाभरात एवढे कानात बसते. (कतार-दुबईकडे १९६६ पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपयाच चालत असे. तेव्हा हा मुलूख आपल्याला वाटतो तेवढा परका नाही.)

खरा आधार खोलीचा. एकेका खोलीत सहा-आठ जण, एकावर एक खाटा. गिरणगावच्या गाळ्यांत आपली आजोबा मंडळी अशीच दाटीने राहिली. पण तिथे खाणावळवाली बाई होती. इथे स्वयंपाकाची पाळी स्वतःवर येते. ज्याने घरी चुलीकडे कधी पाहिले नाही, तो डाळीला फोडणी द्यायला शिकतो. आजाऱ्याला पेज करून घालणे, नव्याला उसने पैसे देणे, कोणाचा कागद वाचून दाखवणे, हे सारे त्या खोलीतच होते.

मग अडते कुठे? अडते कर्जापाशी. भरती करणाऱ्या एजंटाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेऊ नये असा आपल्या सरकारचा नियम आहे. पण लाख-लाख रुपये मोजलेले लोक गावोगाव भेटतात. आता हिशेब मांडा. एक लाख रुपये दरमहा शेकडा तीनने काढले. मुलगा महिना १५,००० पाठवतो. त्यातले १०,००० घरखर्चाला, ५,००० सावकाराला. त्या पाचांतले तीन हजार पहिल्या महिन्यात व्याजातच गेले! कर्ज फिटायला ३१ महिने लागतात, आणि करार असतो बहुधा दोन वर्षांचा.

म्हणूनच गवंडी म्हणून नेलेल्याला ओझी वाहायला लावले, तरी तो गप्प बसतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे अमिरातीच्या कायद्याला धरून नाही. कतारमध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलायला २०२० पासून परवानगी आहे. पण तक्रार करून दोन महिने पगार अडकला तर हप्ता कोण भरणार? फोनवर तो म्हणतो, "बरं आहे." आणि आपण म्हणतो, पोरगा रुळला!

शिक्षक बंधुभगिनींनो, निघणाऱ्याचे कागद तुमच्याकडेच येतील. व्हिसा नोकरीचा आहे की पाहुण्याचा, ते आधी बघा. "आधी पाहुणा म्हणून जा, तिथे बदलून देतो," असे म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. कारण दहावी न झालेल्याला अशा देशांत नोकरीवर जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते, आणि त्या परवानगीबरोबरच दहा लाखांचा अपघाती विमा उतरवला जातो. चोरवाटेने गेलेल्याला तो मिळत नाही. मग करार घ्या. पगाराचा आकडा, जेवण आणि राहणे कोणाकडे, जादा तासांचा दर, परतीचे तिकीट कोणाचे, हे त्याच्या आईबापांसमोर मोठ्याने वाचा. एक प्रत घरच्या पेटीत ठेवू द्या, आणि सावकाराकडे जाण्याआधी वरचा हिशेब पाटीवर मांडून दाखवा.