चाळिशीतले म्हातारपण नशिबाचे नाही



शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. चाळिशीतच वाकलेली माणसे आपल्या वस्त्यांना नवीन नाहीत. "नशीब" म्हणून विषय मिटवला जातो. तो मिटवण्याआधी म्हातारपण शरीरात कसे येते, हे आपण समजून घेऊ.

आपल्या बहुतेक पेशींमध्ये तंतुकणिका असतात. अन्न आणि प्राणवायू वापरून त्या ऊर्जा तयार करतात. काम करता करता त्या बिघडतातही. बिघडलेली तंतुकणिका ऊर्जा कमी देते आणि पेशीला इजा करणारे पदार्थ जास्त सोडते. म्हणून तिला वेळीच मोडीत काढावे लागते.

या कामात 'पिंक-१' आणि 'पार्किन' ही दोन प्रथिने महत्त्वाची आहेत. निरोगी तंतुकणिका पिंक-१ ला आत घेऊन नष्ट करते. बिघडलेलीला ते जमत नाही, त्यामुळे ते तिच्या पृष्ठभागावर साचते आणि पार्किनला बोलावते. पार्किन तिच्यावर खुणेची प्रथिने चिकटवते. मग एक पातळ आवरण तिला गुंडाळते आणि लयकारिकेपर्यंत नेते. तिथे तिचे तुकडे होतात व ते पुन्हा वापरले जातात. या प्रक्रियेला मायटोफेजी म्हणतात. पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, याचा यीस्टवर शोध घेणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले.

वय वाढते तशी अनेक अवयवांत ही साफसफाई मंदावते. खराब तंतुकणिका साचतात, दाह वाढतो, स्नायू व मेंदूची ताकद घटते. पिंक-१ किंवा पार्किनच्या जनुकात जन्मजात दोष असणाऱ्यांना कंपवात तरुणपणीच होऊ शकतो. यावरून या सफाईचे महत्त्व कळते.

व्यायामाने ही सफाई वाढते, असे प्रयोग सांगतात. प्राण्यांमध्ये उपवासानेही वाढते. मग कुणी विचारेल, ऊसतोड मजुराला तर दोन्ही रोजच घडते, तो तरुण का राहत नाही? कारण जुने मोडले तरी नवे उभारायला प्रथिने, लोह आणि विश्रांती लागते. व्यायामाचा फायदा विश्रांतीत पदरात पडतो. उचल फिटेपर्यंत पहाटेपासून कोयता चालवायचा, आजारी पडले तरी खाडा कापला जायचा, याला व्यायाम म्हणत नाहीत आणि उपाशी राहण्याला उपवास म्हणत नाहीत. अर्थात लवकर येणाऱ्या थकव्याचे खापर एकट्या तंतुकणिकांवर फोडणेही चूक ठरेल. ऊन, रक्तक्षय, तंबाखू, उपचारांना उशीर ही कारणेही आहेत.

"पेशी साफ करणाऱ्या" महागड्या गोळ्यांपासून सावध राहा. डाळिंबातील घटकांपासून आतड्यात बनणाऱ्या युरोलिथिन-ए वर माणसांत चाचण्या झाल्या आहेत. स्नायूंना थोडा फायदा दिसला आहे, पण आयुष्य वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. कालामांना बुद्धांनी सांगितलेली कसोटी जाहिरातीलाही लावा.

जरा अटळ आहे, सर्व काही अनित्य आहे. पण अकाली येणाऱ्या जरेला कारणे असतात. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दुःख ठरते, हे बाबासाहेबांनी नाकारले. म्हणून कार्यकर्त्यांनी हंगामाआधी आणि नंतर टोळ्यांची आरोग्य तपासणी, हिमोग्लोबिनची नोंद, फडावर पिण्याचे पाणी आणि खाडा न कापता विश्रांतीचा दिवस, या मागण्या तहसील कार्यालयापासून ऊसतोड कामगार कल्याण महामंडळापर्यंत लावून धराव्यात.

नमो बुद्धाय, जय भीम!