चटईभर जागा, पंधरा मिनिटे

जून महिन्याची २१ तारीख जवळ आली की आपल्याकडे योगाला बहर येतो. मैदाने फुलून जातात, सोसायट्यांच्या गच्च्यांवर सतरंज्या पसरल्या जातात, आणि एरवी लिफ्ट बंद पडली तर वॉचमनच्या नावाने शंख करणारी मंडळीही त्या दिवशी पद्मासन घालून प्रसन्न मुद्रेने बसलेली दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस ठरवला. भारताने मांडलेल्या त्या ठरावाला १७७ देश सहपुरस्कर्ते होते. २०१५ पासून जगभर हा दिवस साजरा होऊ लागला. यात आनंद मानण्यासारखेच आहे.

पण योग शिकणाऱ्याची खरी परीक्षा २२ जूनला असते. त्या दिवशी मैदान नसते, ध्वनिक्षेपक नसतो, शेजारीपाजारी नसतात. असतो तो दूधवाला, दोन डब्यांची कणीक आणि आठ वाजून सात मिनिटांची लोकल. या सगळ्यात योग बसवायचा कसा, एवढाच या लेखाचा विषय.

मी कोणी योगशिक्षिका नव्हे. डोंबिवलीत राहणारी, एका माध्यमिक शाळेत गणित शिकवणारी, चौघांचा संसार सांभाळणारी बाई आहे. दोन वर्षे योग शिकते आहे आणि अजून पहिल्याच इयत्तेत आहे. मात्र पहिल्या इयत्तेतले बाक कुठे टोचते, हे हेडमास्तरांपेक्षा तिथे बसणाऱ्यालाच जास्त ठाऊक असते. म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

रात्रीचे तीन

तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. दोन-अडीच महिन्यांत हे पूर्ववत ऑफिसला जाऊ लागले. घर रुळावर आले, माझी झोप मात्र आली नाही. रोज रात्री तीनच्या सुमारास मला जाग यायची. मी अंधारात ह्यांचा श्वास ऐकत पडायची. एक गेला, दुसरा आला. मधे जरा लांबला की माझ्या छातीत धस्स व्हायचे. पहाटेपर्यंत हा पहारा चाले आणि दिवसा त्याचे व्याज घरच्यांकडून वसूल होई. मुलाने ओला टॉवेल पलंगावर टाकला, एवढे कारणही मला पुरायचे.

आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तपासण्या करवल्या आणि म्हणाले, "ताई, झोपेची गोळी देता येईल मला. पण आधी दोन महिने श्वासाकडे लक्ष द्यायला शिका. दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या." जवळच एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर योगवर्ग चालत होता. अशी मी तिथे गेले.

योग घरात आला तो असा

योग म्हणजे गुहेतल्या साधूंचा विषय, ही समजूत मोडण्याचे मोठे काम आपल्याच मुलखात झाले आहे. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांचे दोन शिष्य. एक श्रीयोगेंद्र. त्यांनी १९१८ साली वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या घरात योगसंस्था सुरू केली. तीच पुढे सांताक्रूझला नांदली. विशेष म्हणजे ते स्वतः गृहस्थाश्रमी झाले. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिले, ते १९३४ साली. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढून क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी नि दाबमापकांनी तपासायला घेतला. श्रद्धेला प्रयोगशाळेची जोड मिळाली ती तिथे.

पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या वापरून आसने शिकवली. १९७५ साली उघडलेल्या त्यांच्या संस्थेला दिवंगत पत्नी रमामणी यांचे नाव आहे. ज्याचे गुडघे वाकत नाहीत त्यालाही खुर्चीच्या आधाराने आसन साधता येते, हा त्यांनी आपल्यासारख्यांवर केलेला मोठा उपकारच म्हणायचा.

अवघी तीन सूत्रे

आमच्या वर्गाच्या बाई सत्तरीच्या घरातल्या. पूर्वी परिचारिका होत्या. पहिल्याच दिवशी पुढे वाकताना शेजारची मुलगी आपल्या पायांचे अंगठे धरून बसली. माझे हात नडगीपर्यंतच पोचत होते. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "अंगठे दिसतात ना?"

म्हटले, "दिसतात."

"मग आजच्यापुरते पुष्कळ झाले. धरायचे नाहीत, त्यांच्या दिशेने जायचे."

बाईंचे म्हणणे परंपरेला धरूनच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत आणि आसनांसाठी त्यांतली अवघी तीन. त्यांचा आशय असा की, बसणे स्थिर हवे आणि सुखाचेही हवे. ओढाताण सैल पडली की ते साधते. शीर्षासन, मयूरासन यांचा तिथे उल्लेखही नाही. आठ अंगांपैकी आसन हे तिसरे. त्याच्या आधी यम-नियम आहेत, म्हणजे आपण घरात आणि बाहेर कसे वागतो ते. अंगठे धरता आले पण टॉवेलावरून घर डोक्यावर घेतले, तर पतंजलींच्या हिशेबात पहिला पेपर नापासच.

माझा रोजचा पाठ साधा आहे. ताडासन, पवनमुक्तासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन. प्रत्येकातून सावकाश बाहेर यायचे. घाई दिसते ती आसनातून बाहेर पडतानाच. शवासन सोपे वाटते, पण तेच सर्वांत अवघड. अंग सैल सोडले की कुकरची शिट्टी जास्त मोठ्याने ऐकू येते, हा माझा अनुभव. बाई सांगतात, "शिट्टी वाजू दे. मोजू नका म्हणजे झाले."

मनगटावरचा पुरावा

श्वास शिकायचा म्हणजे काय, हे मला कळले ते एका छोट्या प्रयोगाने. वाचकांनी तो आत्ताच करून पाहावा. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवून नाडी पाहा. सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुण माणसांत हा फरक अधिक स्पष्ट जाणवतो, पण थोडे लक्ष दिले तर पुष्कळांना कळतो. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी एक मोठी मज्जा आहे, तिच्यामार्फत हा लगाम ओढला जातो आणि सोडला जातो. हृदयाला थेट हुकूम करणे आपल्या हाती नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपले ऐकतोही. तेवढी एकच खिडकी आपल्याला उघडी ठेवलेली आहे. प्राणायामाची सारी इमारत तिच्यावर उभी आहे.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एक मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाचा वेग आपसूक मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाची लय अधिक सुसूत्र झाली.

मी हे घरी वाचून दाखवले तेव्हा सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. एकशे आठ मणी पुरे होईपर्यंत त्या बोलत नाहीत. माळ डोळ्यांना लावून खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, त्या इटलीवाल्यांना सांग, आमच्याकडे हे पन्नास वर्षे चाललंय. नळ्या न लावता." त्यांच्या जपावर कोणी यंत्र लावलेले नाही, तेव्हा आकडा मला सांगता येणार नाही. पण घरात सगळ्यांत गाढ झोप त्यांनाच लागते, एवढे खरे.

बाकावरून उठणारे पोर

आसन झाले, श्वास झाला. उरले ध्यान. येथे बहुतेक नवशिके हात टेकतात. "माझे मन लागतच नाही," असे म्हणून चटई गुंडाळतात. अर्जुनाचीही गीतेच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार आहे. मन वाऱ्यासारखे, धरायचे कसे? श्रीकृष्ण त्याची समजूत काढत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात.

हा अभ्यास म्हणजे नेमके काय? ताठ बसायचे, मांडी जमत नसेल तर खुर्चीवर. श्वास एक ते दहा मोजायचे आणि पुन्हा एकपासून. चौथ्या श्वासाला मन सहामाहीच्या पेपरांत जाते, तिथून गॅसच्या नंबराकडे आणि तिथून माहेरी. ते गेले हे कळताच त्याला परत एकवर आणायचे. रागवायचे नाही. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा आहे. तो दर पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जातो. ओरडले की सारा वर्ग खिडकीकडे पाहतो. खांद्यावर हात ठेवून त्याला जागेवर आणले की गणित पुढे चालू राहते. ध्यानही असेच आहे. मन जाणे हा व्यत्यय नव्हे. ते गेल्याचे ध्यानात येणे आणि परत आणणे हाच व्यायाम. पाच मिनिटांत वीस वेळा आणले तर वीस वेळा व्यायाम झाला.

तीनची जाग मला आजही अधूनमधून येते. ह्यांचा श्वास ऐकूही येतो. तो ऐकून मी आपला मोजायला घेते. दहापर्यंत क्वचितच पोचते, कारण मधेच कधीतरी उजाडलेले असते.

पथ्यपाणी

सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्यावेत. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी उलटी आसने करू नयेत. गरोदर बायकांनी आणि हर्नियावाल्यांनी कपालभातीच्या वाटेला जाऊ नये. हृदयविकार असेल तर श्वास कोंडून धरणे टाळावे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. आमचे हे औषधाची एकही गोळी न चुकवता माझ्या शेजारी शवासन करतात. गोळीच्या जागी आसन नव्हे, गोळीबरोबर आसन. ज्यांचे मन फार खचलेले आहे त्यांनी डोळे मिटून तासन्‌तास एकटे बसू नये, आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. पुस्तक किंवा चित्रफीत पाहून शिकण्यापेक्षा निदान पहिले तीन महिने जाणत्या शिक्षकासमोर शिकावे. आपली मान वाकडी आहे हे आपल्याला दिसत नसते.

आणि वेळ? पंधरा मिनिटे, रोज, ठरलेल्या जागी. आमच्या दोन खोल्यांत ती जागा कपाट आणि पलंग यांच्यामध्ये आहे. सहा फूट बाय दोन. सकाळी सहा ते सव्वासहा तिथून कोणी जात नाही. पहिले काही दिवस मुलगा चार्जर शोधायला यायचा. आता दार लोटून घेतो. रविवारी तासभर घाम गाळून सोमवार ते शनिवार सुट्टी, असे करण्यापेक्षा ही पंधरा मिनिटे बरी. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आस्थेने केले तरच अभ्यास पक्का होतो, हे पतंजलींचेच सांगणे आहे.

नरकचतुर्दशीला आपण सारेच पहाटे उठतो. अभ्यंगस्नान आटोपते आणि फराळाच्या ताटाला अजून थोडा अवकाश असतो. त्या वेळी पोटही रिकामे असते. कोपऱ्यात एक चटई टाका, ताठ बसा आणि दहा श्वास मोजा. करंज्या कुठे पळून जात नाहीत.