ताण बसला, तरच वाटणी

प्रवरानगर, कोपरगाव, संगमनेर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीचे अल्कोहोल होते ते यीस्टच्या जोरावर. पाणी घालून पातळ केलेल्या मळीत यीस्ट आधी वाढवून घेतात. मिलिलिटरभर द्रावात कोट्यवधी पेशी होतात. पोषक द्रावात यीस्टची संख्या साधारण दीड तासात दुप्पट होते आणि दर वेळी पेशीला एक अवघड वाटणी करावी लागते.

यीस्टच्या एका संचात 16 गुणसूत्रे असतात. विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत निघते आणि दोन्ही पेशींना एकेक पूर्ण संच जावा लागतो. प्रयोगशाळेतल्या यीस्टमध्ये एखादे गुणसूत्र चुकीच्या वाटणीला जाणे लाखभर विभाजनांत एखाद्या वेळीच घडते. एवढी अचूकता येते कुठून?

उत्तराचा मोठा भाग हिस्टोन प्रथिनांत आहे. आठ हिस्टोनच्या गाभ्याभोवती डीएनएची सुमारे 147 अक्षरे गुंडाळलेली असतात. हिस्टोनवर फॉस्फेट किंवा अ‍ॅसिटिलसारख्या रासायनिक खुणा चिकटतात, त्या पाहून इतर प्रथिने जागा धरतात. गुणसूत्र ओढणारा सूक्ष्मनलिकेचा धागा त्याच्या सेंट्रोमिअर या भागाला बांधला जातो. लुईझ क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी 1980 मध्ये यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रातून सेंट्रोमिअर वेगळा काढला. त्याची लांबी जेमतेम 125 अक्षरे आहे.

कधी गुणसूत्राच्या दोन्ही प्रती पेशीच्या एकाच टोकाकडे ओढणाऱ्या धाग्यांना बांधल्या जातात. गाडीवर उसाच्या मोळ्या आवळताना दोर ताणला की ढिला राहिला, हे हात लावताच कळते आणि ढिला दोर सोडून पुन्हा बांधावा लागतो. पेशीही ताणच तपासते. बब1 हे एन्झाइम सेंट्रोमिअरजवळच्या एच2ए हिस्टोनवर फॉस्फेटची खूण करते. त्या खुणेवर शुगोशिन हे प्रथिन येते आणि ते ऑरोरा-बी एन्झाइमला तिथे टिकून राहायला मदत करते. ऑरोरा-बी ढिले धागे सोडवते. योग्य ताण बसला की शुगोशिन तिथून हटते. ही खूण आणि शुगोशिन यांचे नाते योशिनोरी वातानाबे यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवले. यीस्टपासून माणसापर्यंत ते सारखेच आहे.

एच3 हिस्टोनही यात भागीदार आहे. त्याच्या 44व्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलले, तर शुगोशिन सेंट्रोमिअरजवळ टिकत नाही आणि ताण नसतानाही पेशी विभाजन पुढे रेटते. अशा यीस्टमधून अ‍ॅसिटिल चिकटवणारे जीसीएन5 हे एन्झाइम काढून टाकले, की बिघाड बराचसा सावरतो. म्हणजे एका खुणेने पहारेकरी येतो आणि दुसरी त्याला हुसकावू शकते.

लाखात एक चूक म्हटले, तरी फर्मेंटरच्या एका मिलिलिटरमध्ये अशा पेशी शेकड्यांनी निघतील. त्यातल्या बहुतेक वाढीत मागे पडतात, बाकीच्या काम निभावून नेतात आणि अल्कोहोलच्या उताऱ्यात फरक जाणवत नाही. माणसाच्या बीजांडात मात्र एकच चूक पुरते: 21वे गुणसूत्र जादा आले, की बाळाला डाउन सिंड्रोम होतो.