सूज आणि शब्द

मुलाचा गाल गुबगुबीत दिसला म्हणजे आई सुखावते. पण तोच गाल एका रात्रींत वर आला तर ती वैद्याकडे धांव घेते. बाळसें वेगळें आणि सूज वेगळी, हें घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. निबंधाच्या वहींत मात्र हा विवेक टिकत नाहीं. ‘सूर्य मावळला’ असें न लिहितां ‘भगवान सहस्ररश्मि अस्ताचलाच्या उत्तुंग शिखरामागें अंतर्धान पावते झाले’ असें लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ थोपटली जाते, आणि पुढल्या वर्षीं तो आणखी दोन विशेषणें घालतो!

भाषेसही सूज येते, ही कल्पना आमची नव्हे. लाँजायनसच्या नांवावर चालत आलेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथांत शरीराप्रमाणें भाषेची सूजही वाईटच मानली आहे. इंग्रजींतील ‘टर्जिड’ हा शब्द सुजलेल्या अवयवास लागतो तसाच सुजलेल्या वाक्यासही. ‘बाँबास्ट’ हें तर मुळांत कापसाचें नांव. सोळाव्या शतकांत इंग्लंडांतील शौकीन लोक छाती भरदार दिसावी म्हणून अंगरख्यांत जो कापूस कोंबीत, तो बाँबास्ट. पुढें पोकळ, डौलदार भाषणास तेंच नांव पडलें. आपल्याकडील ‘आडंबर’ हें मूळचें एका वाद्याचें, नगाऱ्याच्या जातीचें, नांव.

पण आम्हांस सर्वांत मार्मिक वाटतो तो ‘शून्य’ हा शब्द. संस्कृतांत ‘श्वि’ म्हणजे सुजणें. त्यापासून वैद्यकांतला ‘शोथ’ झाला. त्यापासूनच ‘शून’, म्हणजे सुजलेला. आणि या ‘शून’पासून ‘शून्य’. बाहेरून जें फुगलें तें आंतून रितें, हें शब्द घडविणाऱ्यांनीं केव्हांच ओळखलें होतें.

सुजलेल्या पायावर डॉक्टर बोट दाबून पाहतात. खळगा तसाच राहिला तर आंत पाणी साठलें असें समजतात. वाक्यावरही असेंच बोट ठेवावें. वरच्या वाक्यांतील ‘उत्तुंग’ झांका. सूर्य तरीही मावळतो. लांब शब्द तेवढा दोषी, असें मात्र नव्हे: ‘प्रकाशसंश्लेषण’ झांकलें तर वनस्पतिशास्त्राचें वाक्यच लंगडें होतें.

त्या विद्यार्थ्यानें सूर्यास्त खरोखर पाहिला असेल. तेव्हां पाणी तांबडें दिसलें कीं काळें, पांखरें कोणत्या दिशेस गेलीं, हें सारें सहस्ररश्मीखालीं दडपून गेलें. वही चाळतांना पालकांनीं त्याला तेवढें विचारून पाहावें.