खिमटापासून बोटभर तुकड्यापर्यंत : बाळाला हाताने खायला कधी आणि कसं शिकवायचं?



आज जाळं, बीज, भाव यातलं काही नाही. आज घरातल्या सगळ्यात लहान सभासदाबद्दल बोलू.

तलावावर पहाटे जाणाऱ्या आपल्या घरांत दोन टोकं दिसतात. काही घरी बाळ वर्षाचं झालं तरी पातळ वरण आणि खिमटावरच असतं, कारण 'काटा अडकेल' ही भीती. काही घरी आठ महिन्यांच्या बाळाच्या हातात कौतुकाने रोहूचा तुकडाच दिला जातो. दोन्हीत धोका आहे. पहिल्यात बाळ अशक्त राहतं, दुसऱ्यात जीवावर बेतू शकतं. मधला रस्ता सोपा आहे, तो समजून घेऊ.

सुरुवात कधी?

पहिले 6 महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. 6 महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि आईचं दूध 2 वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, अंगणवाडीताईही हेच सांगतात. कारण असं की जन्मताना बाळाच्या अंगात जो लोहाचा साठा असतो तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, आणि नुसत्या दुधातून तो भरून निघत नाही. मासा, अंडं, डाळ यांची गरज तिथून लागते.

पातळ, घट्ट, गुठळीचं, मग हातातलं

6 ते 7 महिने : मऊ भात-वरण, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. पातळ पाण्यासारखं दिलं तर पोट भरतं, पण अंगाला लागत नाही.

7 ते 8 महिने : मिक्सर बंद करा. काट्याने किंवा हाताने कुस्करा, बारीक मऊ गुठळ्या राहू द्या.

8 ते 9 महिने : आता हातात द्यायचं. बाळ आधाराने नीट बसतं, मान धरतं, वस्तू उचलून तोंडात घालतं, म्हणजे तयारी झाली. दात आले नसले तरी चालतं, हिरड्यांनी बाळ मऊ पदार्थ चांगला चिरडतं.

1 वर्ष : घरचं सगळं जेवण, तिखट-मीठ घालायच्या आधी त्याच्या वाटणीचं बाजूला काढून.

नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळी दिलीच नाही, तर पुढे मूल चावायला कंटाळतं आणि दिसेल ते थुंकून टाकतं. म्हणून फार उशीर नको.

तुकडा कसा असावा?

आधी मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब, म्हणजे बाळाच्या मुठीत धरून वर थोडा उरेल असा. पुढे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरता यायला लागलं की बारीक तुकडे. परीक्षा एकच : तुकडा दोन बोटांत दाबला की सहज चिरडला पाहिजे. उकडलेला बटाटा, रताळं, गाजर, भोपळा, पिकलं केळं, उकडलेलं अंडं, मऊ इडली, तुपात भिजवलेली पोळी हे सगळं चालतं. भिजवून मऊ केलेले पोहेही चालतात.

शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाच्या फोडी देऊ नका. थंडीत घरोघरी येणारा शिंगाडा उकडला तरी टणक राहतो, तो कुस्करूनच द्या. 1 वर्षाच्या आत मध नाही, मीठ-साखर टाळा.

आता माशाचं

मासा बाळाला जरूर द्या, पण काटा ओळखून. रोहू, कटला, मृगल यांच्या पाठीच्या आणि शेपटीकडच्या मांसात बारीक दुपेडी काटे असतात, शिजवूनही ते विरघळत नाहीत. पोटाकडच्या भागात मोठ्या बरगड्या असतात, त्या सहज काढता येतात. म्हणून बाळासाठी पोटाकडचाच भाग घ्या. मरळ किंवा देशी मागूर मिळाला तर आणखी बरं, त्यांत बारीक काटे जवळपास नसतात.

मासा पूर्ण शिजवा. मग उजेडात, धुतलेल्या बोटांनी थोडा थोडा चुरून दोनदा तपासा. डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो. मऊ भातात मिसळून छोटा गोळा करा आणि तो हातात द्या. पहिल्यांदा अगदी थोडा द्या. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना.

पावसाळ्यात आपली मासेमारी बंद असते. त्या काळात अंडं आणि दाट डाळ सोडू नका, बाळाच्या वाढीला बंद ऋतू नसतो.

आणि एक : जाळं, होडी, कच्चा मासा हाताळून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला भरवू नका. कच्च्या माशाची सुरी-पाट वेगळा ठेवा. बाळाचं शिजवलेलं 2 तासांत संपवा.

घशात अडकलं तर?

तोंड वाकडं करून ओकारी काढणं, खोकणं हे शिकण्याचा भाग आहे. आवाज येतोय तोवर घाबरू नका, खोकू द्या. आवाज बंद, रडू फुटत नाही, ओठ निळे पडताहेत, तर हे करा :

1. बाळाला हातावर पालथं धरा, डोकं खाली. तळव्याच्या टाचेने खांद्यांच्या मधोमध 5 थापा.
2. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा. पोट दाबू नका.
3. पुन्हा 5 आणि 5. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर फोनवरच्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे छाती दाबणं सुरू करा.

दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. काटा टोचला तर मोठ्यांसारखा कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावू नका. सरळ दवाखान्यात न्या.

बाळ नेहमी बसवून, समोर बसून भरवा. झोपवून, होडीत, गाडीवर नको. मोबाईल दाखवत तर नकोच. सांडेल, फासेल, चालतं. आई बाजारात मासळी घेऊन बसलेली असते तेव्हा भरवणारी आजी असते, कधी मोठी बहीण, कधी बाबा. म्हणून हे फक्त आईने वाचून पुरणार नाही. घरात जो जो बाळाला घास देतो, त्या प्रत्येकाला वाचून दाखवा.