आवाज आला का?

नवा लॅपटॉप घरात आला की डोळस माणसं पडद्याकडे बघतात. आम्ही आधी कडेच्या जाळीपाशी बोटं धरतो, पंख्याची झुळूक लागते का ते बघायला. हल्ली पंखेही इतके मुके झालेत की त्यावरून काही कळत नाही.

अंधांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर बसवून देणं आणि तो वापरायला शिकवणं, हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग. मी स्वतः पूर्णांध आहे. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते मलाही दिसत नाही, आणि या कामात ते फायद्याचंच ठरतं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते बसवणं ही दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट. घाम निघतो तो त्याच्या आधी. मशीन चालू झालंय, बंद पडलंय की काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत बसलंय, हे पहिला आवाज निघेपर्यंत समजायची सोय नाही. म्हणून फोन उचलल्यावर मी 'नमस्कार' म्हणत नाही; 'आवाज आला का?' म्हणतो.

विंडोज एक्सपीच्या काळात हा पहिला आवाज यायला कधीकधी अर्धा दिवस लागायचा. विंडोज टाकताना मशीन अवाक्षर काढायचं नाही, त्यामुळे शेजारी डोळस माणूस बसवावाच लागे. माझ्या एका मित्राने वहिनींना बसवलं होतं.

"आता काय लिहिलंय?"

"बरंच काही."

"वाच की मग."

"इंग्लिश आहे सगळं."

"खाली बटणं असतील बघ."

"दोन होती. एक दाबलं मी."

कुठलं दाबलं, ते कळेपर्यंत संध्याकाळ झाली.

आता ती कटकट राहिली नाही. विंडोज आणि कंट्रोल ही दोन बटणं धरून एंटर दाबला की विंडोजमध्येच असलेला नॅरेटर बोलू लागतो आणि भाषा, कीबोर्ड, वायफाय, पासवर्ड अशी सगळी प्रश्नोत्तरं आपली आपण उरकता येतात. नॅरेटर तसा २००० सालच्या विंडोजपासून आहे, पण पुष्कळ वर्षं तो नावापुरताच होता. एका संस्थेत नव्या मशीनांची रांग लावून मुलांनी सगळीकडे एकदमच नॅरेटर सुरू केला होता. एकच बाई खोलीभर वेगवेगळी वाक्यं बोलत होती, आणि आपल्यापुढची कोणती, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून माझ्या यादीत मशीनच्या आधी हेडफोन असतो. तोही वायरचा. ब्लूटूथचा हेडफोन जोडायला आधी कॉम्प्युटर वापरता यावा लागतो.

विंडोज सुरू होण्याआधीचा जो बायोसचा पडदा, तो मात्र आजही मुकाच आहे. तिथे काही अडलं की फोनचा कॅमेरा समोर धरून कुणाला तरी वाचायला लावायचं. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं 'बी माय आईज' हे ॲप २०१५ मध्ये आलं तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर अनोळखी डोळस माणसं हे काम आनंदाने करतात. वहिनींपेक्षा बरं वाचतात, असं मित्राचं म्हणणं. (वहिनींना हे ठाऊक नाही.)

नॅरेटर बोलू लागला की त्याच्याच आधाराने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्यायचा. तो फुकट आहे, आणि त्या फुकटाची किंमत आमच्या पिढीला विचारावी. त्याआधी आमचं जग जॉजवर चालायचं. टेड हेंटर हा मोटारसायकल शर्यतीत उतरणारा अमेरिकन. १९७८ मध्ये गाडीच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. तो प्रोग्रॅमिंगकडे वळला, १९८७ मध्ये एका भागीदाराबरोबर त्याने कंपनी काढली आणि त्या कंपनीचा जॉज जगभरच्या अंधांच्या नोकऱ्यांचा आधार झाला. सॉफ्टवेअर अव्वल, पण किंमत डॉलरात. इथल्या माणसाला कॉम्प्युटरपेक्षा त्याला बोलायला लावणं महाग पडे. लायसन्स नसेल तर जॉज चाळीस मिनिटं चाले आणि थांबे. मशीन पुन्हा चालू केलं की पुढची चाळीस मिनिटं. आमच्या क्लासचा तास त्यावरूनच ठरलेला होता. घंटा द्यायला शिपाई नको. रीडर गप्प झाला की पोरं उठायची, मशीन पुन्हा उभं राहीपर्यंत टपरीवर चहा व्हायचा. त्यातलाच एक मुलगा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास दर चाळीस मिनिटांत एक प्रकरण असा करायचा. आता तो अधिकारी आहे आणि बैठक लांबली की चाळीस मिनिटांनी अजूनही त्याची खुर्ची करकरते.

एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी एका संगीत शिबिरात झालेली. डोळस माणसाला पडदा बघायचे वेगळे पैसे पडत नाहीत, तर आम्हाला तो ऐकायचे का पडावेत, असा त्यांचा साधा सवाल होता. एनव्हीडीएचा इन्स्टॉलर उघडला की आधी थोडं संगीत वाजतं, मग आवाज येतो. ते संगीत फोनवर ऐकू आलं की मी इकडे पाय पसरून बसतो.

नेमकं तेव्हाच कुणीतरी एफ-वन दाबतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणं मुळात आवाज, उजेड, वायफाय यांची असतात. एफ-वन, एफ-टू ही त्यांची दुसरी कामं. कोणत्या बटणावर काय, हे कंपनीगणिक बदलतं, आणि एका कंपनीच्या मशीनवर पहिल्याच बटणाने आवाज बंद होतो. डोळस माणसाला पडद्यावर स्पीकरचं चित्र दिसतं. आमच्या लातूरच्या शिक्षिकाबाईंना वाटलं, मशीन मेलं. त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं असतं तर काम झालं असतं, पण घाबरलेला माणूस एक बटण दोनदा दाबत नाही, सगळी बटणं एकेकदा दाबतो. यावरचा उतारा आमच्या लोकांत तोंडोतोंडी पसरलेला आहे: घरात यूएसबीचा एक स्वस्तातला हेडफोन ठेवायचा. तो खुपसला की विंडोजला वाटतं नवीन साउंड कार्ड आलं, आणि बहुतेक वेळा त्यातून आवाज यायला लागतो. जुन्या स्पीकरचा बंद आवाज त्याला लागू होत नाही. बाईंच्या मुलाने शेजाऱ्याकडून तसा हेडफोन आणला. त्यांनी कानाला लावला आणि मला म्हणाल्या, "सर, हा आत बोलतच होता हो!"

आवाज आला, की मग तक्रार आवाजाची. एनव्हीडीएबरोबर येणारा ईस्पीक हा प्रकार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पचत नाही. "याला सर्दी झालीय का?" असं एका निवृत्त तहसीलदारांनी विचारलं होतं. जोनाथन डडिंग्टन याने १९९५ मध्ये एकॉर्न कॉम्प्युटरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून हा आवाज वाढत आला. तो माणसासारखा वाटत नाही, पण जागा अगदी थोडी खातो, बटण दाबताक्षणी बोलतो आणि कितीही पळवला तरी शब्द गिळत नाही. शिवाय त्याला मराठी येतं. विंडोजमधल्या हिंदी आवाजाला मराठी वाचायला दिलं तर तो वाचतो, पण चमचा आणि चहा यांतला च त्याला एकच. तहसीलदारसाहेब गोड हिंदी आवाजावर अडून बसले होते. पुढे एकदा त्यांनी आपलाच एक जुना मराठी अर्ज त्याच्याकडून वाचून घेतला आणि मुकाट्याने सर्दीवाल्याकडे परत आले.

जुनी कागदपत्रं नव्या मशीनवर आणणं, हा या कामातला सगळ्यात रडवणारा भाग. एका वकीलसाहेबांची दृष्टी हळूहळू गेली. त्यांच्या आयुष्यभराच्या दाव्यांचे मसुदे टायपिस्टने जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेले. पेनड्राइव्ह लावला, पहिली फाइल उघडली, आणि एनव्हीडीए सेमीकोलन, कंस, टक्के, मधेच एखादं इंग्रजी अक्षर असं काहीबाही म्हणू लागला. "रीडर बिघडला," वकीलसाहेब म्हणाले. मुलगी म्हणाली, "बाबा, स्वच्छ मराठी दिसतंय की!" दोघांचंही खरं होतं. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. डोळ्याला चित्र दिसतं, रीडरला खण दिसतो. बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात ते ठेचकाळतात. 'अर्जदार' कुठे कसा उतरेल, सांगता येत नाही. शेवटी मुलगी बदललेल्या फाइली रोज रात्री तपासायला बसू लागली. सरकारी कचेऱ्यांतून अजूनही अशा फॉन्टमधली पत्रकं येतात आणि आमची माणसं ती कुणाकडून तरी वाचून घेतात. याला तांत्रिक अडचण म्हणायला माझी जीभ वळत नाही. युनिकोड टंकायला वेगळे पैसे लागत नाहीत.

दुरुस्तीच्या दुकानांचे किस्से सांगायला बसलो तर अंक भरेल, म्हणून एकच सांगतो. एनव्हीडीएत स्क्रीन कर्टन नावाची सोय आहे. ती लावली की पडदा पार काळा होतो, रीडर मात्र बोलत राहतो. बसमध्ये शेजारचा माणूस आपला ईमेल वाचू नये म्हणून ती बरी. एका प्राध्यापकांनी ती कायमची लावून ठेवली आणि विसरून गेले. त्यांना काय फरक पडणार! एक दिवस मेहुण्याने सहज लॅपटॉप उघडला, पडदा काळा बघून हळहळला आणि उपकार म्हणून परस्पर दुकानात टाकला. दुकानदाराने चालू केलं: पासवर्डचा पडदा दिसतो, पासवर्ड टाकला की अंधार. डिस्प्ले तर चांगला, म्हणजे विंडोज बिघडलंय. त्याने फॉरमॅट मारला. स्क्रीन रीडर गेला, पडदा लख्ख उजळला, दुकानदाराने बिल केलं, मेहुण्याने भरलं. घरी मशीन आलं ते ठार मुकं. "आता एकदम चकाचक दिसतंय भावजी," मेहुणा म्हणाला.

मशीन पुन्हा बोलतं करायला मी गेलो नाही, घरूनच केलं. एनव्हीडीए रिमोट हे ॲड-ऑन २०१५ मध्ये लोकवर्गणीतून तयार झालं. २०२५ पासून तीच सोय एनव्हीडीएत आतच मिळते. दोन्हीकडे एकच किल्ली टाकायची, की माझ्या कीबोर्डवर मी जे दाबतो ते त्यांच्या मशीनला लागतं आणि त्यांचा रीडर काय म्हणतो ते माझ्या कानात येतं. फोनवर "आता काय म्हणाला?" विचारत बसावं लागत नाही. मात्र तिकडचा रीडर तिकडेही बोलत असतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं.

गडहिंग्लजच्या एका मुलाचा डेस्कटॉप मी असाच लावून देत होतो. तो वेग भरपूर ठेवणारा; त्याचं वाचन म्हणजे नवख्या कानाला नुसती गुरगुर. तो जेवायला गेला, मी काम करत राहिलो, आणि अचानक सगळं तुटलं. फोन केला तर आजींनी उचलला.

"बंद केलं मी ते. खोलीत कोण नाही आणि आपलं आपण बडबडायलंय."

"आजी, मीच चालवत होतो इथून."

"म्हणजे तुम्ही बोलत होता व्हय त्यातनं?"

"मी नाही, ते वाचत होतं."

आजींनी बटण पुन्हा चालू केलं आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "मग त्याला सांगा, कोण मागं लागलेलं न्हाई म्हणावं."