डोंगरातलं गोड आणि घरातला पाहुणा

उमरखेडहून ढाणकीच्या पुढे गेलं की उसाची आणि हळदीची शेतं मागे पडतात आणि सागाचं रान सुरू होतं. सारा तालुका याला ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतो. पैनगंगा इथे मोठा वळसा घेते आणि या रानाला तिन्ही बाजूंनी कवेत घेते. याच रानात 1996मध्ये सुमारे 325 चौरस किलोमीटरचं पैनगंगा अभयारण्य झालं. नदीवर मुरलीजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे आणि पलीकडच्या डोंगरांत माहूरची रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया. पावसाळ्यात धबधबा पाहायला, नवरात्रात आणि दत्तजयंतीला दर्शनाला माणसांची रीघ लागते, पण बहुतेक जण चहा-भजी खाऊन त्याच दिवशी परततात. अशा भागातल्या एखाद्या कुटुंबानं घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, तर जेवणात गोड काय वाढायचं? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्या घराचं पाहुणघर चालेल की शहरातल्या लॉजची फिकी नक्कल होऊन बसेल, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. तालुक्याच्या दुकानातून आणलेला गुलाबजाम हे सोपं उत्तर झालं. बरोबर उत्तर घराच्या कोठीत आणि गावच्या शिवारात आहे.

डोंगराळ मुलखातली गोडं जगात कुठेही पाहिली तरी त्यांची घडण सारखीच दिसते. बाजार लांब, वाट चढाची, पावसाळ्यात रस्ता बंद. म्हणून जे टिकतं आणि जे हाताशी आहे त्यातूनच गोड करायचं. गढवालमधला अरसा भिजवलेल्या तांदळाचं पीठ आणि गूळ यांतून होतो. आपल्या अनारशाचा तो सख्खा भाऊच. कुमाऊँत दूध मुबलक पण ते खाली पोहोचवणं अवघड, म्हणून ते आटवून खवा करायचा. अल्मोड्याची बाल मिठाई त्या खव्यातून आली आणि मालूच्या पानाच्या द्रोणात भरलेली सिंगोडीही. आल्प्समधल्या झोपडीवजा खानावळींत आजही ‘कायझरश्मारेन’ मिळतो. पीठ, दूध, अंडी आणि लोणी यांचा हा जाडसर पोळा तव्यावरच मोडून देतात. यातला एकही पदार्थ पर्यटकांसाठी शोधलेला नाही. तिथल्याच माणसांसाठी होत होता, तोच पाहुण्यापुढे आला आणि त्या मुलखाची ओळख होऊन बसला.

बंदी भागाच्या कोठीत मान मोहाचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची पानं झडतात आणि पहाटे फुलं टपटप खाली पडतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. ताजं फूल मांसल, पिवळसर पांढरं. चार-पाच दिवस उन्हात पडलं की ते मनुक्यासारखं तांबूस होतं आणि नीट सुकवलं तर वर्षभर टिकतं. वाळलेल्या फुलाच्या निम्म्याहून जास्त वजन साखरेचं असतं, त्यामुळे वरून गूळ घातला नाही तरी गोड होतं. खरं कसब निवडण्यात आहे. फुलाच्या पोटातले केसर आणि आत अडकलेली माती काढली नाही, तर घासाला कडवट, उग्र वास येतो. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, वाफवून ती फुलं भाजलेल्या तिळाबरोबर कुटली की लाडू वळता येतात. फुलं उकळून ते पाणी आटवलं तर काकवीसारखा दाट रस होतो आणि तो भाकरीला लावून खातात. आंध, गोंड, कोलाम घरांत मोह हा पोट भरणारा जिन्नस होता. ज्या वर्षी ज्वारी तोकडी पडे, त्या वर्षी मोहानेच दिवस निभावले. पुढे एखाद्या लाडवाचं कौतुक करताना हा इतिहास विसरता कामा नये.

मोहापाठोपाठ बाकीच्या वस्तू ऋतूप्रमाणे रांगेनं येतात. एप्रिल-मेमध्ये चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकतात. गर खाऊन उरलेल्या बिया वाळवून जात्यावर हलक्या हातानं फोडल्या की चारोळी निघते. जातं जरा जोरात फिरलं की दाण्याचा चुरा होतो. अक्षय तृतीयेपासून आंब्याचा रस सुरू होतो आणि त्याच्यासोबत वऱ्हाडातले सरगुंडे. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवून घ्यायची, वाळवायची आणि वाफवून रसाबरोबर वाढायची. अधिक मासात जावयाच्या ताटात हे हमखास असतं. पावसाळ्यात गुळाच्या पाण्यात पीठ भिजवून केलेले गुलगुले आणि दुधागुळात मळलेली दशमी. ही दशमी दोन-तीन दिवस सहज टिकते, म्हणूनच पूर्वी प्रवासाला निघालेल्याच्या फडक्यात ती बांधलेली असे. नवरात्र ते दिवाळी डोंगरउतारावरची सीताफळं. थंडीत नवा तीळ, नवा गूळ. बंजारा तांड्यांवर सेवालाल महाराजांच्या जयंतीला, 15 फेब्रुवारीला, गूळ-गव्हाची तुपात भिजलेली लापशी होते. माहूरच्या रेणुकेला पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि दर्शन झाल्यावर कुटलेल्या तांबूलाचा प्रसाद मिळतो. या यादीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धबधबा, नवरात्र, दत्तजयंती, उन्हाळ्याची सुटी, असा माणसांच्या येण्याचा जो जो हंगाम, त्या त्या हंगामाचं एक गोड घरात तयारच असतं.

हॉटेल आणि घर यांतला खरा फरक इथे कळतो. हॉटेलला जून असो वा डिसेंबर, एकच ताट द्यावं लागतं. किती माणसं येतील याचा अंदाज नसल्यानं पदार्थ शीतकपाटात साठवून ठेवावे लागतात आणि एखादा जिन्नस नसला की गिऱ्हाईक नाराज होतं. घराला हे बंधन नाही. पाहुणे सहा आहेत हे आदल्या दिवशीच ठाऊक असतं, तेव्हा सहा माणसांचंच पुरण शिजतं. सीताफळं पिकली असतील तर ती, नसतील तर दशमी. हॉटेलात जी उणीव ठरते, तीच घरात नवलाई ठरते. म्हणून पाहुणघरानं हॉटेलशी बरोबरी करायला जाणं म्हणजे जी लढाई जिंकता येते ती सोडून हरणारी लढाई पत्करणं. पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याच्या तालुक्यात साखर कुणालाही मिळते. फुलं निवडून कुटलेला तिळाचा लाडू मात्र पैसे टाकले तरी बाजारात सहज सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोह म्हटलं की दारूच आठवते, कुटुंबानं आलेल्या पाहुण्यापुढे ते कसं ठेवायचं? हा संशय एका दिवसात तयार झालेला नाही. 1892मध्ये मुंबई इलाख्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. महसुलाच्या आणि दारूबंदीच्या नजरेतून हे फूल पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ गुन्ह्याच्या सावलीत राहिलं. राज्य सरकारनं 2021मध्ये मोहफुलांचं संकलन, साठवण आणि व्यापार यांवरची बंधनं सैल केली. दारू होते ती फुलं आंबवून आणि अर्क काढून. वाफवून कुटलेल्या लाडवात नशेचा अंशही नसतो, जसा मनुक्यांच्या शिऱ्यात नसतो. पण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘औषधी’ म्हणून मोह विकणंही चुकीचं. त्यात साखर भरपूर आहे आणि मधुमेही पाहुण्याला ती साखरेसारखीच बाधेल, हे यजमानानं स्वच्छ सांगावं.

दुसरा आक्षेप चवीचा. शहरातलं पोर मोहाचा लाडू तोंडात घालून वाकडं तोंड करील, मग पैसे देणाऱ्या पाहुण्याला नको ते का खाऊ घालायचं? बळजबरी करूच नये. ताटात अनोळखी पदार्थ एक घास आणि ओळखीचा पोटभर, हा आपल्याकडचा जुना रिवाज या कामी येतो. दशमी-तूप किंवा चारोळी घातलेली खीर कुणाला परकी वाटत नाही. तिच्या कडेला अर्धा लाडू असला की ज्याला हवं तो चाखतो. शिवाय पदार्थाची हकीकत सांगितली की जीभही उत्सुक होते. फूल पहाटे कसं वेचतात हे कळलेला माणूस तोच लाडू निराळ्या मनानं खातो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. पाहुणचाराचे पैसे घेतले की तो धंदा होतो आणि धंदा झाला की चुलीपुढचं ओझं घरातल्या बायकांवरच पडतं. यातला पहिला भाग तितकासा खरा नाही. तुळजापूर-पंढरपूरला यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांच्या आणि बडव्यांच्या घरी उतरत आले, दक्षिणा देत आले आणि तरी त्या घरांशी त्यांचं नातं जुळलं. पैशानं नातं तुटतं ते हिशेब लपवला तर. दुसरा भाग मात्र मान्यच करायला हवा. पुरण वाटणं, सरगुंडे वळणं, चारोळी फोडणं ही वेळखाऊ, पाठ मोडणारी कामं आहेत. पाहुणघराच्या नावावर बाईनं राबायचं आणि पैसे घरधन्याच्या खिशात, असं होणार असेल तर तो पाहुणचार न केलेला बरा. राज्याच्या 2023च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला उद्योजकांना 15 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. पण कर्ज तिच्या नावावर असणं पुरेसं नाही. कोणत्या दिवशी काय होणार आणि त्याची किंमत किती, हे तिनंच ठरवायला हवं. पुरण आठवड्यातून एकदाच होईल असं तिनं म्हटलं, तर ते एकदाच व्हावं.

राहिला रानाचा प्रश्न. मागणी वाढली तर मोहाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची खोड वाढेल आणि वणवे लागतील. चारांसाठी फांद्या तोडल्या जातील. ही भीती खोटी नाही, अनेक जंगलांत हे घडलं आहे. म्हणून अभयारण्याच्या हद्दीतली नव्हे, तर बांधावरची आणि गावरानातली झाडं धरावीत आणि फुलं झाडाखाली जाळी पसरून गोळा करावीत. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर तिथल्या आदिवासींचा आणि पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. तेव्हा उमरखेडातल्या एखाद्या पाहुणघराला मोह हवा असेल तर तो पाड्यावरच्या बाईकडून, तिनं निवडून सुकवलेला, वाजवी भावानं घ्यावा आणि लाडू कुणाच्या घरचा आहे हे पाहुण्याला सांगावं. न फोडलेल्या चारोळीचे गोळा करणाऱ्याला थोडेच पैसे मिळतात. फोडलेली चारोळी थेट पाहुणघरानं घेतली तर मधला नफा गावातच राहतो.

हे सारं उभं करायला मोठा निधी लागत नाही. उत्तराखंड सरकारनं 2018पासून गृह-आवास योजनेतून डोंगरातल्या घरांना हात दिला, महाराष्ट्रातही 2020चं कृषी पर्यटन धोरण आणि निवास-न्याहारी योजना आहे. पण खोली, गादी, संडास यांना पैसा देता येतो. ताटाला ओळख यजमानानंच द्यावी लागते. त्याची सुरुवात साधी आहे. घराच्या ओसरीत बारा महिन्यांचा एक तक्ता लावावा, कोणत्या महिन्यात कोणतं गोड मिळेल आणि कोणतं मिळणार नाही, याचा. ‘मिळणार नाही’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. जे घर तो रकाना प्रामाणिकपणे भरेल, त्या घरातलं बाकीचं सारं खरं आहे यावर पाहुण्याचा विश्वास बसेल, आणि सीताफळाच्या हंगामात येऊन गेलेला माणूस पुढच्या वर्षी मोहाच्या हंगामात पुन्हा येईल.